बसली म्हणजे चालली

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडायचा विचार असेल, तर आधी एक पथ्य पाळा. लॅपटॉपचं माहितीपत्रक उघडू नका. मॉनिटरचं तर हातातही धरू नका. खाच बघायची, केबलचं टोक बघायचं, एकात दुसरं बसलं की काम फत्ते. आत काय चाललंय त्याच्याशी आपल्याला काय देणंघेणं?

जुन्या लोकांना ही मजा माहीतच नव्हती. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए, म्हणजे संगणकाचं चित्र पडद्यापर्यंत नेणारी जोडणी, आणलं. १५ पिनांचं रुंद टोक, दोन्ही कडांना पिळायचे स्क्रू. दुसऱ्या कशात ते शिरायचंच नाही, त्यामुळे चुकायची सोयच नव्हती. २०१० साली इंटेल, एएमडी आणि काही बड्या लॅपटॉप कंपन्यांनी त्याला २०१५पर्यंत निरोप द्यायचं जाहीर केलं. मीटिंग रूममधल्या प्रोजेक्टरपर्यंत ती बातमी अजून पोहोचलेली नाही, ते सोडा.

मग १९९९मध्ये डीव्हीआय आलं आणि थोडी रंगत आली. त्याच्या टोकाकडे नीट बघा. एका बाजूला चपटी पट्टी असते. तिच्याभोवती चार पिना असतील तर त्यातून व्हीजीएचा ॲनालॉग सिग्नलही जातो, नसतील तर फक्त डिजिटल. तुमचं व्हीजीएचं अडॅप्टर फक्त-डिजिटल खाचेत जात नसेल तर नाउमेद होऊ नका. पक्कड घ्या आणि त्या चार पिना मोडा. चित्र येणार नाही, आणि त्याची चपटी पट्टीही जास्त रुंद असल्यामुळे ते बसणारही नाही, पण पराक्रम तर झाला.

खरा पराक्रम गाजवायचा असेल तर मात्र यूएसबी-सीच हवं. २०१४ साली हे आलं. २४ पिना, उलटं घाला, सुलटं घाला, बसतंच. सगळ्यांसाठी एकच खाच! त्या खाचेमागे काय आहे हे तेवढं कुणी विचारायचं नाही. एखादी नुसती चार्जिंग आणि डेटापुरती असते. एखादीतून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे मॉनिटरला चित्र दाखवायचा, सिग्नल बाहेर पडतो. एखादी थंडरबोल्ट असते, ती सगळंच करते. तिन्ही दिसायला सारख्या, आणि एकाच लॅपटॉपवर शेजारी शेजारी असलेल्या दोन खाचांपैकी एकच चित्र देते, असंही होतं. खाचेजवळ कधी कधी बारीक खूण असते: ‘डी’च्या पोटात ‘पी’ असेल तर चित्र, बाणाचं टोक असलेली वीज असेल तर थंडरबोल्ट. पण नखाएवढी ती खूण वाचायला लॅपटॉप उलटापालटा कोण करणार? काही लॅपटॉपवर ती छापलेलीच नसते. देखणेपणासाठी एवढा त्याग करायलाच हवा.

केबल विकत घेण्याचाही खटाटोप नको. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली आहे ना? टोकं तीच, रंगही बरा. आत बऱ्याचदा फक्त वीज आणि सेकंदाला ४८० मेगाबिटच्या यूएसबी २.०पुरत्या तारा असतात, चित्रासाठी लागणाऱ्या तारा नसतातच. त्यामुळे मॉनिटरकडून लॅपटॉप मजेत चार्ज होत राहील आणि मॉनिटर मात्र काळा ठिक्कर. एवढं झाल्यावर लॅपटॉपच बिघडलाय असं जाहीर करा आणि तो दुरुस्तीला टाका.

अडॅप्टर घेताना पाकिटावरचा, सिग्नल कुठून कुठे जातो ते सांगणारा बाण शोभेचा आहे असंच समजा. बऱ्याच लॅपटॉपवरच्या डिस्प्लेपोर्टला समोर एचडीएमआय (टीव्हीलाही असते ती चित्राची जोडणी) आहे हे कळतं आणि तो त्याच भाषेत बोलू लागतो, म्हणून साधी केबलही तिथे चालून जाते. उलट बाजूने, म्हणजे लॅपटॉपचं एचडीएमआय आणि मॉनिटरचं डिस्प्लेपोर्ट असेल, तर मधे सिग्नल बदलणारी चिप लागते आणि तिला वीजही लागते. हे असले भेदभाव आपण मानायचे नाहीत. केबलला दोन टोकं आहेत, म्हणजे ती दोन्हीकडून चालायलाच हवी. याच न्यायाने जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये नव्याची केबल घालून जुन्याचा मॉनिटर करता येतो का, तेही बघून घ्या. ती खाच सहसा फक्त बाहेर पाठवते, आत काही घेत नाही. पण केबल बसते हो, अगदी घट्ट.

समजा, या सगळ्यातून चित्र उमटलंच. ४के मॉनिटर, एचडीएमआय १.४ची खाच, सेकंदाला ३० फ्रेम. माउसचा बाण हाताच्या मागून अडखळत, उड्या मारत येईल. दोष उघडच माउसचा आहे, नवा घ्या. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं तर एचडीएमआय २.० लागतं, हे २०१३पासून ठाऊक आहे. पण तुम्ही थेट २.१चा शिक्का बघून घ्या. त्या आवृत्तीतल्या बहुतेक नव्या सोयी ऐच्छिक आहेत, म्हणजे शिक्का २.१चा आणि आतली कुवत २.०ची, असं नियमात बसवता येतं. नियम करणाऱ्यांचं मन इतकं मोठं असताना आपण कशाला खोलात शिरा?

‘सिग्नल नाही’ अशी पाटी फिरत असेल तर मॉनिटरच्या खालच्या काठामागे चाचपून इनपुट बदलायचं बटण शोधू नका. तीच केबल काढा, फुंकर मारा, परत घाला. हे पुरेसा वेळ केलं की एखादा सहकारी येऊन ते बटण दाबून जातो.

एक मॉनिटर जमला की लगेच दुसरा आणा आणि पहिल्यातून केबल काढून दुसऱ्याला जोडा. डिस्प्लेपोर्ट १.२पासून अशी साखळी करता येते, अर्थात पहिल्या मॉनिटरला बाहेर जायची खाच असली तर. विंडोज असेल तर दोन वेगळे पडदे मिळतात. मॅकओएस अशा साखळीत दोन्हींवर एकच चित्र दाखवतं. तेही वाईट नाही. एकच अर्धवट एक्सेल दोन ठिकाणी दिसलं की काम बरंच पुढे सरकल्यासारखं वाटतं.