आधी कोण वाचतं?

चार दिवस शाळेच्या जुन्या ग्रुपवर एकच रण माजलंय. एका मित्राच्या मुलाला, दुसरीतल्या, बाईंनी अडखळत वाचणाऱ्या मुलाबरोबर जोडीत बसवलं. 'माझा पोरगा काय फुकटचा मास्तर आहे?' त्यावर अंगठ्यांची रांग.

मी इथून पहाटे उठून लांबलचक मेसेज ठोकला. समजावून सांगणाऱ्याचंच जास्त पक्कं होतं, तयार उत्तर मिळणाऱ्याच्या पदरात फारसं पडत नाही, शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांचं संशोधन हेच सांगतं, वगैरे. आमच्या लेकीच्या वर्गात तर जोड्या लावायला डग्लस आणि लिन फुक्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात तयार केलेली पद्धत आहे. २४ मुलांची वाचनानुसार यादी करायची, मधोमध कापायची, दोन्ही तुकडे शेजारी ठेवायचे. पहिल्याशी तेरावा, दुसऱ्याशी चौदावा. पहिला आणि चोविसावा एकत्र येतच नाहीत. अंतर फार पडलं की एक कंटाळतो, दुसरा तोंड उघडत नाही. काही आठवड्यांनी जोड्या बदलतात. एक वाचतो, दुसरा ऐकून चुका दाखवतो, तो कोच. कोच दोघांनाही व्हायचं असतं, आळीपाळीने. तुम्ही मात्र अजून 'हुशार' आणि 'ढ' यातच अडकलाय, असंही लिहिलं. (हे नको होतं.)

एक गोष्ट लिहिली नाही. पालक-शिक्षक कॉन्फरन्सला लेकीच्या बाईंनी ही यादी समजावली तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, 'आमची कुठल्या तुकड्यात?' बाई हसल्या आणि विज्ञानाच्या वहीकडे वळल्या.

गाडीत मी लेकीला आडून विचारलं, 'आधी कोण वाचतं गं?'

'तो. मग तोच उतारा मी.'

या पद्धतीत आधी वाचतो तो वरच्या तुकड्यातला. मी जन्मभर पहिल्या बाकावर बसलेला माणूस. पुढचे दोन सिग्नल काही बोललो नाही. तीच बोलत होती. शब्द अडला की तो म्हणे 'थांब' म्हणतो आणि चार सेकंद गप्प राहतो. सांगून टाकत नाही, तसा नियमच आहे. बहुतेक वेळा तोवर तिला येतो.

मीटिंगमध्ये माझा शब्द अडला की समोरचा तो लगेच पुरवतो, हसून, मदत म्हणून. सोळा वर्षं झाली. चार सेकंद मिळाले तर मलाही आला असता.

ग्रुपवर मघाशी त्याच मित्राने विचारलंय, 'तुझी लेक कुणाबरोबर बसते रे?' दोन निळ्या टिका त्याला दिसल्या असणार. मी अजून टाइप करतोय.