तान्हेला होतो

गेल्या रविवारी चर्चमध्ये उपासना संपल्यावर आमच्या सेवादौऱ्याचे फोटो मंडळीला पडद्यावर दाखवले. चौदाव्या फोटोत मी होतो. विटका, खांद्यावर उसवलेला टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत रंगाचे ओघळ, जमिनीवर फतकल, तोंड उघडं. आमच्याच गटातली एक मुलगी वाकून मला पाण्याचा पेला देते आहे. खाली ठळक अक्षरांत ओळ होती : ‘तान्हेला होतो, तेव्हा तुम्ही मला प्यायला दिले. मत्तय २५:३५.’

म्हणजे ज्या गरिबांची सेवा करायला मी गेलो, त्यांच्यातच माझी गणना झाली होती. पुढच्या बाकावरच्या काकू मागे वळल्या. डोळे ओले.

“बघवत नाही रे. किती खंगलाय तो माणूस! साठीचा तरी असेल ना?”

मी ४३ वर्षांचा आहे.

“नाव विचारून ठेव हं त्यांचं. रोजच्या प्रार्थनेत घेते.”

“विचारून सांगतो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चूक कपड्यांची. जुने, खराब झाले तरी चालतील असे कपडे आणा, असं सूचनापत्रकात लिहिलं होतं. आम्ही ते मनावर घेतलं. तिकडे वस्तीतली माणसं, पाहुणे येणार म्हणून, झाडून सगळी इस्त्रीच्या कपड्यांत. दोन्ही गट समोरासमोर उभे राहिले तेव्हा मदत कोणी कोणाला करायची, याचा क्षणभर घोळच झाला.

आमच्या वाट्याला एका आजींच्या घराचं रंगकाम होतं. ज्याच्या नावाने आम्ही निघालो तो येशू स्वतः सुतार. त्याची वार्ता जगभर नेणारा पौल राहुट्या करून पोट भरायचा. आणि आम्हा ११ जणांत खिळा सरळ ठोकता येईल असा एकही माणूस नव्हता. प्रार्थना मात्र सगळ्यांना येत होती, आणि मंगळवारी शिडीवर चढल्यावर ती मनापासून झाली.

आजींनी भिंतीपासून तीन पावलांवर प्लास्टिकची खुर्ची मांडली होती. त्या खुर्चीतून त्या दौरा संपेपर्यंत जवळजवळ उठल्याच नाहीत.

“घरी काय करतोस रे तू?”

“हिशेब तपासतो, आजी.”

“कोणाचे?”

“कंपन्यांचे.”

“मग इथं भिंतीला का लागलास?”

“सेवा म्हणून.”

“हं.” बराच वेळ काही नाही. मला वाटलं, पटलं. मी रोलर बुडवला. तेवढ्यात मागून आवाज आला, “तुझ्या त्या कंपन्यांच्या वह्या तपासायला आमचा गवंडी येतो का कधी?”

गवंडी तिथेच होता, उंबऱ्यावर. गिलावा त्याने आम्ही पोचायच्या दोनच दिवस आधी संपवला होता आणि रंगही तोच लावणार होता. पण आम्ही येणार म्हणून त्याला थांबवलं. आमचं काम बघत तो गप्प बसून होता. माणूस सभ्य. हसू यायचं तेव्हा तोंड फिरवायचा.

“गिलावा ओला आहे,” आजी म्हणाल्या. “हात लावून बघ.”

लावला. भिंत गार लागली, तळहात दमट झाला. मी गटप्रमुखांना बोलावलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही, खिशातलं वेळापत्रक पाहिलं. “मंगळवारी रंग आहे, ब्रदर. बुधवारी मुलांचे खेळ.” नवा सिमेंटचा गिलावा रंगाआधी चारेक आठवडे सुकू द्यावा लागतो. आमचा अख्खा दौरा ६ दिवसांचा. तेव्हा भिंतीनेच घाई करावी, असं ठरलं. दुपारी वासाने मला गरगरलं, मी खाली बसलो, ती मुलगी पाणी घेऊन आली. कॅमेरावाला नेमका तेव्हाच कुठून उगवला, कोण जाणे. मी शिडीवर होतो तेव्हा तो कुठे होता?

गुरुवारी आजींनी खुर्चीतूनच कागदांची एक पिशवी पुढे केली. “तू हिशेबातला माणूस ना? एक दाखला अडलाय बघ माझा.” खरं सांगतो, माझी पाठ ताठ झाली. त्या दौऱ्यात मला कळेल अशी ही पहिली गोष्ट. मी पहिला कागद उलगडतोय तोच गटप्रमुख आले. त्यांच्या कानांवर नेमका ‘दाखला’ एवढाच शब्द पडला. चेहरा उजळला. “दाखला ऐकायचाय आजींना?” म्हणत त्यांनी माझ्या मांडीवरचे कागद बाजूला सरकवले, बायबल उघडलं आणि चांगल्या शोमरोन्याचा दाखला, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उतारशाळेत नेऊन त्याच्या खर्चाचे पैसे देणाऱ्या माणसाची येशूने सांगितलेली बोधकथा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.

आजींनी तो सगळा ऐकला. मग विचारलं, “त्या उतारशाळेवाल्याला किती दिले म्हणालास?”

“दोन दीनार.”

“म्हणजे?”

“दोन दिवसांची मजुरी,” मी म्हणालो. हिशेब आला की मला राहवत नाही.

“आणि पुढं?”

“पुढे तो आपल्या वाटेने गेला. जास्त खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला.”

“बघ,” आजी गटप्रमुखांना म्हणाल्या, “ज्याचं काम त्याच्या हाती पैसे दिले नि निघाला. उतारशाळा रंगवत बसला नाही.”

उंबऱ्यावर गवंड्याने तोंड फिरवलं.

१९६८ साली मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाकात इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूने अमेरिकेहून सेवेला येणाऱ्या विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितलं होतं, की बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. त्याला त्यासाठी अख्खं भाषण करावं लागलं. आजींचं खुर्चीतल्या खुर्चीत उरकलं.

हसण्यावारी नेतोय, पण एक गोष्ट अजून डाचते. त्या गवंड्याची मजुरी आमच्यामुळे बुडाली. आमच्या ११ जणांच्या जाण्यायेण्याच्या खर्चात त्याने अशी किती घरं रंगवली असती, हा हिशेब मला येतो. परतीच्या प्रवासात मी तो केलाही. अहवालात घालू का विचारलं, तर अहवालात फोटो जातात म्हणाले. आणि ती पिशवी? “उद्या नक्की बघतो, आजी,” म्हणालो होतो. उद्या निरोपसमारंभाची तयारी निघाली, परवा आमची गाडी. म्हणजे यात सगळा दोष गटप्रमुखांचा आहे असंही नाही.

निघताना आजी पहिल्यांदा खुर्चीतून उठल्या. खिडकीखाली रंगाला फोड आले होते. त्यांनी त्यातला एक पापुद्रा नखाने अलगद, न मोडता सोलला. हाताच्या पंज्याएवढा निघाला. तो माझ्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, “ने घरी. तुझाच आहे.”

फोटोखालची ओळ तरी बदला, म्हणून सोमवारी मी गटप्रमुखांना फोन केला. म्हणाले, वार्षिक अंक छपाईला गेलाय. शिवाय, “ब्रदर, खरं सांगा, तुम्हाला तहान लागली होती की नाही?”

लागली होती.

काल काकू भेटल्या. “त्या गृहस्थांसाठी रोज गुडघे टेकते बरं का. आता कसे आहेत?”

“पाठ धरलीय म्हणतात,” मी सांगितलं.