सोलरवरचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी

परत तोच मेसेज फिरतोय. सोलर पॅनल बनवायला जेवढी वीज लागते तेवढी ते आयुष्यात परत देत नाही, ढग आले की बंद, लाईट गेली की तेही गप्प, 25 वर्षांनी विषारी कचरा, त्यापेक्षा मोबाईलचा चार्जर प्लगमधून काढत जा म्हणजे बिल कमी येईल. इतकं ठासून लिहिलंय की माणसाला खरंच वाटावं.

पहिला मुद्दा घेऊ कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. पॅनल बनवायला भरपूर वीज लागते हे खरंय, पॅनल ज्याचं बनतं ते सिलिकॉन वितळतंच मुळी 1414 अंश सेल्सिअसला, त्यामुळे भट्ट्या वीज खाणारच. पण आजचं पॅनल, ऊन किती मिळतं आणि ते कुठल्या कारखान्यात बनलं त्याप्रमाणे, साधारण एक ते तीन वर्षांत ती सगळी वीज फेडून टाकतं आणि पुढे 25-30 वर्षं चालतं. हे गणित पूर्वी बरंच वाईट होतं, म्हणजे मेसेजवाल्याने कुठलातरी जुना आकडा उचलला असेल तर नवल नाही. वीसेक वर्षांपूर्वी सिलिकॉनची चकती साधारण 300 मायक्रॉन जाड असायची, आता त्याच्या निम्मी असते, आणि तेवढ्याच जागेत वीजही जास्त निघते. मग हिशोब तोच कसा राहील?

ढगांचं म्हणाल तर वीज कमी होते, बंद नाही होत. दाट ढगात अगदी दहा-वीस टक्क्यांवर येते, मान्य. गंमत म्हणजे कडक ऊन असलं की जास्तीत जास्त वीज हेही पूर्ण खरं नाही, पॅनलची रेटिंग, म्हणजे त्यावर लिहिलेली पॉवर, पॅनल 25 अंशाला असताना मोजतात आणि त्याच्यावर प्रत्येक अंशाला 0.3 ते 0.4 टक्के पॉवर घटते, छतावरचं पॅनल 60 अंशाला गेलं की दहा-बारा टक्के गेलेच. म्हणून खाली हवा खेळायला जागा सोडायची. पॅनल घ्यायचंच नसेल तर ढगांपेक्षा सावलीचं कारण द्या ना, शेजारच्या टाकीची सावली रोज दुपारी पडत असेल तर ते कारण पटण्यासारखं आहे.

लाईट गेल्यावर साधं ग्रिडला जोडलेलं सोलर बंद होतं, हे बरोबर. पण ती फसवणूक नाही, मुद्दाम केलेली सोय आहे, कारण लाईनवर दुरुस्ती करणाऱ्या माणसाला वाटतंय तार मेलेली आहे आणि तुमच्या छतावरून त्यात करंट जातोय, असं झालं तर त्याचा जीव जाईल. बॅकअप पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाईट गेल्यावर बॅटरीवर घर चालवणारा, आणि बॅटरी घ्या, खर्च वाढतो, हे विकणाऱ्याने आधी सांगायला हवं आणि बरेच जण सांगत नाहीत.

कचऱ्याबद्दल थोडं तथ्य आहे. नेहमीच्या सिलिकॉन पॅनलच्या वजनात बहुतेक काच आणि ॲल्युमिनियम, ते परत वापरता येतं, चांदी आणि सिलिकॉन काढणं मात्र अजून महागात पडतं, शिवाय डाग द्यायला बऱ्याचदा शिसं असतंच. पण 25 वर्षं ही वॉरंटी आहे हो, एक्सपायरी नाही! तेव्हाही बहुतेक पॅनल मूळ पॉवरच्या 80 टक्क्यांच्या वरच असतात.

आणि आता तो चार्जर. मोबाईल न लावलेला नवा चार्जर साधारण 0.1 वॅट खातो, म्हणजे वर्षभर तसाच ठेवला तरी एक युनिटसुद्धा होत नाही. आता 15 लिटर पाणी 25 अंशांनी गरम करायचं तर जवळपास 0.44 युनिट. म्हणजे वर्षभराचा चार्जर बरोबर गरम पाण्याच्या दोन बादल्या! चार्जर काढा हवं तर, कोण नको म्हणतंय, पण बटण बंद करायची हौसच असेल तर जुना सेट टॉप बॉक्स बघा, त्यातले काही टीव्ही बंद असतानाही 10 वॅट खात बसतात आणि ते वर्षाला 87 युनिट होतात, आणि 75 वॅटचा जुना पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, लावला तर दिवसाला दहा तासांचे वर्षाला 160 च्या वर युनिट वाचतात, ते मेसेजमध्ये कुठेच नाही.