फ्री कोणी करायचं, हे कृपया सांगू नका

सी भाषेत लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्राममध्ये जोडायचा तयार कोड, लिहायला घेतलीत? छान. ती विकत घेणारा माणूस महापे एमआयडीसीत रात्री उशिरापर्यंत बसून तुमच्या नावाने बोटं मोडणार आहे. त्याला निराश करू नका.

पहिलं पथ्य म्हणजे फंक्शनच्या नावाला उपसर्ग लावायचा नाही. सीमध्ये नेमस्पेस, म्हणजे नावांसाठी वेगळे कप्पे, नाहीत, म्हणून एसक्यूलाइट या डेटाबेस लायब्ररीवाले बिचारे प्रत्येक नावाआधी 'एसक्यूलाइट3_' लिहीत बसतात. तुमच्यामागे कामं आहेत. सरळ 'इनिट' ठेवा, 'लॉग' ठेवा. लॉग गणिताच्या लायब्ररीत आधीपासून आहे म्हणे. असू दे. इनिट दुसऱ्या कोणाकडे निघालं तर कोडचे तुकडे जोडणारा लिंकर आणि ग्राहक आपसात बघून घेतील.

नावं आखूड हवीत. सीच्या 1989च्या मानकात बाहेर दिसणाऱ्या नावाची पहिली सहाच अक्षरं ओळखली जाण्याची हमी होती. 1999मध्ये ती 31 झाली, पण आपण परंपरा मोडायची नाही. युनिक्स पुन्हा लिहिलं तर काय बदलाल, असं विचारल्यावर 'क्रिएट'च्या स्पेलिंगमधलं गाळलेलं ई घालीन, असं युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन म्हणाले होते. थोर माणसं हळवी असतात.

कॉन्स्ट, म्हणजे 'दिलेलं मी बदलणार नाही' ही हमी, लिहू नका. कीबोर्ड झिजतो.

आता मुख्य मुद्दा. फंक्शनने पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता, परत दिला की ती जागा कोणाची आणि 'फ्री' करून ती कोणी सोडायची, हे गुपित ठेवा. हेडरमध्ये, म्हणजे फंक्शनांची यादी असते त्या फाइलीत, मजकुराची नक्कल देणारं स्ट्रडप आणि एन्व्हायर्नमेंटमधली किंमत देणारं गेटएन्व्ह यांची ओळ सारखीच दिसते: कॉन्स्ट चार पॉइंटर घ्यायचा, चार पॉइंटर द्यायचा. पहिल्याचा फ्री करायचा, दुसऱ्याचा अजिबात नाही. ती निदान जुनी मंडळी, त्यांची मॅन्युअल तरी आहेत. आम्हाला मिळालेल्या कार्ड रीडरच्या लायब्ररीने त्यांच्यावर कडी केली. तिच्यात 'गेट_नेम' आहे. कार्ड नीट वाचलं गेलं तर ते मॅलॉक केलेली, म्हणजे चालू असताना मागून घेतलेली जागा देतं आणि वाचलं नाही तर 'अननोन' ही स्ट्रिंग लिटरल, म्हणजे प्रोग्राममध्येच कोरलेला, फ्री न करता येणारा मजकूर. म्हणजे फ्री केलं तर पहिल्याच खराब कार्डाला प्रोग्राम आडवा, आणि नाही केलं तर दर कार्डामागे मेमरी गळणार. हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. ऐरोलीत सकाळी ट्रान्स-हार्बरची गाडी रिकामी होते, शिफ्टची रांग गेटवर येते आणि रीडर ढिम्म. फोन मला येतो, लायब्ररीवाल्याला नाही! त्यांना मेल केला तर उत्तर आलं की 'गेट_नेम2' वापरा. ते आपण दिलेल्या बफरमध्ये लिहितं. बफर केवढा, हे मात्र ते विचारतच नाही. लांबलचक आडनावाचा माणूस आला की शेजारचं सगळं पुसून मोकळं.

जागा सोडण्यासाठी स्वतःचं फंक्शनही देऊ नका. विंडोजवर डीएलएलचा, म्हणजे तिथल्या लायब्ररी फाइलीचा, हीप (मॅलॉक जिथून जागा काढतं तो साठा) वेगळा असू शकतो, हे ग्राहकाला यथावकाश कळेलच.

पुरे झालं. अहो, हे प्रश्न सुटलेले आहेत. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत नावात 'गेट0' असेल तर मालकी लायब्ररीकडेच राहते, 'गेट1' असेल तर सोडायचं काम तुमचं. एका जुन्या नावावरून हे कळत नव्हतं, तर 3.0 आवृत्तीत त्यांनी ते बदलून घेतलं. ॲपलच्या कोअर फाउंडेशन या लायब्ररीत 'क्रिएट' किंवा 'कॉपी' दिसलं की तुम्ही सोडायचं, 'गेट' दिसलं की नाही. जीलिब या लायब्ररीवाले कॉमेंटमध्येच 'ट्रान्सफर फुल' (मालकी तुमची) की 'ट्रान्सफर नन' (मालकी आमचीच) ते लिहितात. आपल्याकडे लग्नात आलेल्या तांब्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव घातलेलं असतं, आणि तुम्हाला हेडरमध्ये एक ओळ घालता येत नाही? लायसन्सच्या मजकुराला चाळीस ओळी आहेत त्याच फाइलीत!

सगळ्या नावांना एक उपसर्ग लावा. एकच फंक्शन कधी हीप, कधी लिटरल देतंय हे आजच्या आज थांबवा. बफर मागत असाल तर त्याची लांबीही मागा. सोडायचं फंक्शन द्या आणि त्याचं नाव जागा देणाऱ्या फंक्शनशेजारी लिहा. आणि पुन्हा कोणी विचारलं तर 'सोर्स बघा' असं कळवू नका. सोर्स तुम्ही दिलेलाच नाही, नुसती कंपाइल केलेली डॉट ए फाइल दिली आहे.