सरकारी लॅबमुळे म्हणे मुली वांझ होतात!

आमच्या वाडीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. नाव ‘सरकारी केमिस्ट्री लॅबचं काळं सत्य’, आणि खाली ‘प्रत्येक मुलीच्या आईबापापर्यंत पोचवा’. त्याचं म्हणणं असं: लॅबमधल्या केमिकलने मुली वांझ होतात, पीएचडीशिवाय तिथे कोणी दारात उभं करत नाही, कोकणात अशी एकही लॅब नाही, सगळं आता मशीन करतं, त्यामुळे या लॅब पाच वर्षांत बंद पडणार, आणि पैसे मोजल्याशिवाय जागा मिळत नाही. लिहिणारा कोण? तर ‘एक निवृत्त अधिकारी’. नाव नाही, खातं नाही.

असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण भाची यंदा कुडाळला केमिस्ट्री घेऊन शेवटच्या वर्षाला आहे, न्यायसहायक प्रयोगशाळेच्या (म्हणजे गुन्ह्यातले पुरावे तपासणाऱ्या फॉरेन्सिक लॅबच्या) परीक्षेची पुस्तकं तिने आणून ठेवलीत, आणि परवा बहिणीचा फोन: “दादा, तिका आता बीएडच करूक सांगतंय. थय लॅबात गेली तर तिचा लगीन ठरूचा नाय.” म्हणून हा खटाटोप.

आधी त्या वांझपणाचंच बघू, कारण सगळी भीती तिथेच आहे. सरकारी प्रयोगशाळेत दिवसभर काय चालतं हे मेसेज लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही, हे दुसऱ्याच ओळीत कळतं. ‘मुलींना विषारी वाफेत आठ तास उभं करतात’ म्हणे! एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, तेव्हा बाटलीत भरून पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत जातं. तिथे ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या खुणांच्या काचनळीतून, सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडतात, पोटॅशियम क्रोमेटमुळे पिवळं दिसणारं पाणी विटकरी झालं की थांबतात, आणि त्यावरून क्लोराइड काढतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला 250 मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत. यात वाफ कुठली आली? न्यायसहायक प्रयोगशाळेत व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले पोटातले अवयव) येतो तो मिठाच्या संपृक्त द्रावणात बुडवलेला. वास भयंकर असतो, कबूल. पण वासाने कोणी वांझ होत नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. लॅबमधली सगळी रसायनं साखरपाणी नसतात. वर सांगितलेलं क्रोमेटसुद्धा कॅन्सरकारक आहे. बेंझिन आणि फॉर्मल्डिहाइडही त्याच यादीत. काही ग्लायकॉल इथर (एक प्रकारची द्रावकं) गर्भाला घातक ठरू शकतात. म्हणूनच क्रोमेटचे मोजून काही थेंब वापरायचे, हातमोजे घालायचे, वाफा सोडणारं काम फ्यूम हूडखाली, म्हणजे वाफ बाहेर ओढणाऱ्या पंख्याच्या काचपेटीत, काच खाली ओढून करायचं, आणि दिवस राहिले की वरिष्ठांना सांगून टेबल बदलून घ्यायचं. ज्या प्रयोगशाळेत हूडचा पंखा बंद पडलाय आणि कोणाला त्याचं काही नाही, तिथे मुलीने भांडलंच पाहिजे. पण ‘काळजी घ्यावी लागते’ आणि ‘मुली वांझ होतात’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आणि ही भीती मुलींनाच का? रसायनामुळे वंध्यत्व आल्याचं जगात सर्वांत गाजलेलं उदाहरण पुरुषांचं आहे. 1977 साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या कारखान्यात डायब्रोमोक्लोरोप्रोपेन हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यातल्या अनेकांना मूल होत नाही. तपासणी केली तर बऱ्याच जणांत शुक्रजंतू नाहीत, किंवा अगदी कमी. तेही कारखान्यात, टनांवारी माल हाताळणारे लोक. ग्रॅममध्ये काम करणारी लॅब नव्हे. तरी ते वाचून कोणी मुलाच्या बापाला ‘लोट्याच्या (खेडजवळच्या रासायनिक एमआयडीसीतल्या) कंपनीत पाठवू नका’ असा मेसेज केल्याचं मी ऐकलेलं नाही. लोट्याला लागलेला जावई चालतो, उलट अभिमानाने सांगतात.

आमच्याच तालुक्यात बायका वर्षानुवर्षं काजू सोलतात. टरफलातल्या तेलात अ‍ॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं, त्याने हात काळे पडतात, कातडी सोलवटते. राख नाहीतर तेल चोळून काम चालू. चुलीवरच्या लाकडाच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बहुधा कॅन्सरकारक म्हणून नोंदवलंय. त्यावर ग्रुपमध्ये अवाक्षर नाही. मुलगी पांढरा कोट घालून पगार घ्यायला लागली की मात्र सगळ्यांना तिच्या गर्भाशयाची काळजी!

पीएचडीचा मुद्दा लवकर संपतो. न्यायसहायक प्रयोगशाळेत वैज्ञानिक सहायकाच्या पदाला रसायनशास्त्र घेऊन केलेली विज्ञान पदवी चालते. अन्नाचे नमुने तपासणाऱ्या फूड अ‍ॅनालिस्टला केमिस्ट्रीच्या वाटेने गेलं तर नियमाप्रमाणे पदव्युत्तर पदवी, अन्नतपासणीचा 3 वर्षांचा अनुभव आणि परीक्षा लागते. तिथेही पीएचडीची अट नाही. आणि कोकणात लॅब नाही? रत्नागिरीत लघु न्यायसहायक प्रयोगशाळा आहे, चिपळूणला प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहे, पाण्याच्या लॅब जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे. मोठ्या जागा मुंबईत, कलिन्याला, हे खरं. पण चाकरमान्यांच्या मुलखात मुंबई लांब आहे हे कारण म्हणून सांगायचं?

‘मशीन सगळं करतं’ म्हणणाऱ्याने भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) उघडून कलम 176 चं तिसरं उपकलम वाचावं. 1 जुलै 2024 पासून ही संहिता लागू आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, अशी त्यात तरतूद आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांच्या आतली तारीख ठरवायची मुभा दिलीय. म्हणजे मेसेजवाला ज्या पाच वर्षांत लॅब बंद करतोय, त्याच पाच वर्षांत कायदा माणसं वाढवायला सांगतोय. गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र रक्तातल्या दारूचं शिखर आलेखावर काढून देतं, पण नमुन्याचं सील तपासणं, प्रमाणित द्रावणाशी ताडून बघणं, अहवालावर सही करणं आणि बोलावलं तर कोर्टात उलटतपासणीला उभं राहणं हे यंत्र करत नाही.

राहिलं पैशांचं. लाचेच्या सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं, आणि ते पाणी बाटलीबंद होऊन याच प्रयोगशाळांकडे येतं. म्हणून तिथले सगळे धुतल्या तांदळासारखे, असा दावा मी करत नाही. पण ‘अमुक लाख दे, जागा पक्की’ म्हणणारा भेटला तर तो भरती करत नसतो, तुमचे पैसे खात असतो. खरी अडचण वेगळी आहे: जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, निकाल लांबतो, पाण्याच्या लॅबमधली बरीच माणसं कंत्राटी असतात. भाचीला मी एवढंच सांगितलं की जाहिरातीची वाट बघत घरी बसू नकोस. मसाला, दूध, मासळी तपासणाऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त खाजगी लॅबमध्ये लाग आणि बाहेरून एमएस्सी कर. फूड अ‍ॅनालिस्टच्या परीक्षेला तो 3 वर्षांचा अनुभव लागणारच आहे.