थेटरात आता जातं कोण?

काल पुण्यात अलका चौकात चहाच्या गाडीपाशी हा विषय निघाला आणि मग कोणी कोणाचं ऐकेना. अण्णा म्हणाले पिक्चर आता फक्त पोरांसाठी काढतात, प्रभात टॉकीजला मराठी पिक्चर आठवडेच्या आठवडे चालायचे, बायका मॅटिनीला गर्दी करायच्या, २०१४ ला प्रभात बंद झालं आणि आमचं जाणंच सुटलं.

आमच्यातला इंजिनिअरिंगवाला पोरगा उसळलाच. "अण्णा, आम्ही तरी कुठे रोज जातो? पहिल्याच शनिवार-रविवारी ग्रुपने जायचं, कारण सोमवारपर्यंत इन्स्टावर सगळी स्टोरी फुटलेली असते. २०२५ ला 'सैयारा'त हीरो-हिरोईन दोघं नवीन होते तरी पोरं तुटून पडली. बाकीचे पिक्चर दोन महिन्यांत ओटीटीवर येतातच की."

बँकवाला म्हणे आमचं काय मग, चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग, एका पिक्चरला महिन्याचं दूध-भाजीचं गणित कोलमडतं. ते खरंच आहे, २०२२ च्या सप्टेंबरात नॅशनल सिनेमा डेला एक दिवस ७५ रुपये तिकीट लावलं तेव्हा आजी-आजोबांपासून सगळे आलेच होते ना.

मला तर हा वयाचा मुद्दाच पटत नाही. २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा भिशीचे ग्रुपच्या ग्रुप नटूनथटून, गॉगल लावून थेटरात, माझी मावशी तर दोनदा गेली. पण ती पहिल्या दिवशी कधीच जात नाही, आधी शेजारच्या काकू बघून येणार, मग फोनाफोनी, गुडघ्यांना पायऱ्या झेपतील का, रात्री परतायला रिक्षा मिळेल का हे सगळं विचारून दुसऱ्या आठवड्यात ठरणार. आणि मल्टिप्लेक्सवाले पहिल्या सोमवारीच आकडे बघून शो कापतात, उरतो तो सकाळी साडेनऊचा नाहीतर रात्री अकराचा. मग म्हणायचं वयस्कर लोक येत नाहीत! अरे, त्यांना यायला तुम्ही वेळच दिला नाहीत.

मी म्हणलं चांगल्या मराठी पिक्चरला दुपारी तीनचा एक शो दोन आठवडे हलवू नका, मग बघा. बँकवाला लगेच, "रिकाम्या हॉलचं एसीचं बिल कोण भरणार?" त्यावर अण्णाच तडकले, "वीकडेला दुपारी तसाही रिकामाच असतो की हॉल, मग आमच्यासाठी चालवायला काय जातं?"