‘पाय कधी ओले केलेत का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तारामाशाची नवी जात सापडली की तिचं वर्णन कसं करतात, यावरच्या माझ्या लेखाखाली ‘एक जुना गिरगावकर’ यांची प्रतिक्रिया आली. खाली चार ओळी लिहायला बसलो, त्या वाढल्या, म्हणून वेगळं टाकतोय.

आपलं म्हणणं असं की तारामासा हा मासा नव्हे; डीएनए न तपासता केलेलं वर्णन आजच्या काळात अर्धवट; आणि, हे आपल्याच शब्दांत, ‘बरणीत वीस वर्षं पडलेला प्राणी टेबलावर काढून त्याला शोध म्हणणाऱ्यांनी समुद्रात पाय कधी ओले केलेत का?’

मासा नाही, मान्य. कंटकचर्मी, म्हणजे काटेरी कातडीचा प्राणी आहे, समुद्री साळूच्या भाऊबंदांतला. लेखात ‘समुद्रतारा’ अशी दुरुस्ती केली आहे. आभार.

आता पायांचं. दादरला वाढलो, पण आजोळ वर्सोव्याचं. अमावस्येच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मामाबरोबर वाळू उकरत फिरायचो. वाळूत गाडून घेणारा अॅस्ट्रोपेक्टेन नावाचा समुद्रतारा आठ वर्षांचा असताना तळहातावर घेतलाय. त्याच्या नळीपादांची, म्हणजे भुजांखालच्या नळीसारख्या बारीक पायांची, टोकं अणकुचीदार असतात, त्यांना चिकटून धरणारी चोषकं नसतात; तो हाताला चिकटत नाही, बोटांच्या फटीतून खाली शिरायला बघतो. हे पुस्तकात वाचायच्या आधी मला ठाऊक होतं. झाले का पाय ओले? की दाखला जोडू?

आणि टेबलाला एवढं हिणवायचं कारण काय? मी नऊ वर्षं एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. वर्णन टेबलावरच होतं, साहेब. व्हर्नियर कॅलिपर घ्यायचा. मध्यापासून भुजेच्या टोकापर्यंत मोठा आर, मध्यापासून दोन भुजांमधल्या खाचेपर्यंत छोटा आर, मग दोन्हींचं गुणोत्तर. एखादी भुजा तुटून पुन्हा उगवत असेल तर ती सोडून द्यायची, नाहीतर सगळा हिशोब चुकतो. मग भुजांच्या कडेच्या कडक पट्टिका मोजायच्या, प्रत्येकीवर काटे किती आणि कुठे, ते भिंगाखाली पाहायचं. अल्कोहोलमध्ये रंग उडालेला असतो, त्यामुळे ‘लाल होता’ या आठवणीला किंमत शून्य. शेवटी जुनी वर्णनं काढून एकेक जात बाद करत जायचं. अॅस्ट्रोपेक्टेन इंडिकस या जातीचं जर्मन प्राणिशास्त्रज्ञ डोडरलाइन यांनी १८८८ मध्ये केलेलं वर्णन जर्मनमध्ये आहे, हेही जाता जाता सांगतो. एवढं करून होलोटाइप, म्हणजे ज्याला ते नाव बांधलेलं असतं तो नमुना, कोणता ते छापलं नाही, तर प्राण्यांच्या नामकरणाच्या १९९९ नंतरच्या नियमाने नव्या जातीचं नाव ग्राह्यच धरत नाहीत.

बरणीत पडून राहण्याचं म्हणाल, तर तो काही आमचा आळस नाही. नमुना हाती लागल्यापासून जातीचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं ‘करंट बायॉलॉजी’त २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. म्हणजे तुमची वीस वर्षं सरासरीच्या आतच बसली! आमच्याकडे एका पावसाळ्यात छत गळलं, कपाट हलवताना तीन बरण्यांची झाकणं सैल झाली, आतलं अल्कोहोल उडालं. उघडल्या तेव्हा भुजांची टोकं चुरा झाली होती. शिसपेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी तेवढी शाबूत, कारण शाई असती तर तीही केव्हाच धुऊन गेली असती. त्या चिठ्ठीकडे बघत मी किती वेळ बसलो ते तुम्हाला सांगून काय उपयोग. तुम्ही म्हणणार, टेबल.

डीएनएबद्दल: फॉर्मलिनमधल्या जुन्या नमुन्यातून तो काढणं जिकिरीचं असतं. मुद्दा चांगला आहे, पण माझा लेख त्यावर नव्हता.

मतभेदाला ना नाही. पण टोपणनाव घेऊन ‘तुमच्यासारखे ब्लॉगवाले’ लिहिणाऱ्याने निदान लेख पूर्ण वाचावा. मी ‘शोध’ हा शब्द एकदाच वापरलाय, तोही अवतरणचिन्हांत.

येत्या अमावस्येला वर्सोव्याला सुकतीच्या वेळी जाणार आहे. आलात तर या. जाड तळव्याच्या चपला घाला, खडकावरची कालवं पाय कापतात. तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा.